कोंबडीच्या रक्ताची बिस्किटं

सरांनी डबा उघडला की आमच्या विभागातल्या लोकांना उपास आठवत. सोमवार असला तर सोमवारचा, मंगळवार असला तर गणपतीचा, आणि बुधवारी काहीच सापडलं नाही तर बायकोने बोललेल्या नवसाचा. इतके उपास पाळणारा मांस-तंत्रज्ञान विभाग जगाच्या पाठीवर दुसरा नसावा. सर सरळ माणूस. "असं का? बरं, मंग उद्या खा," म्हणत आणि दुसऱ्या दिवशी खरंच डबा घेऊन हजर होत.

डब्यात बिस्किटं असत आणि बिस्किटांत कोंबडीचं रक्त असे. हे ते लपवत नसत. लपवलं असतं तर चार लोकांनी तरी खाल्ली असती. झाकण काढायच्या आधीच ते जाहीर करत, "रक्ताची आहे बरं, कोंबडीच्या. मंग म्हणाल सांगतलं नाई." एवढी प्रस्तावना ऐकल्यावर कोणाचा हात पुढे येणार?

मी नागपूरच्या त्या कॉलेजात कंत्राटी प्राध्यापक म्हणून लागले, तेव्हा सर तिथले सगळ्यात जुने होते. हडकुळी अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक थर्मामीटर. रोज सकाळी ते स्कूटरवर कत्तलखान्यात जात आणि बर्फात ठेवलेला रक्ताचा कॅन पायाशी घेऊन येत. मग ते रक्त यंत्रात गरागरा फिरवायचं, वर आलेलं पिवळसर पाणी वेगळं काढायचं, त्यातल्या प्रथिनांचे एन्झाइम घालून बारीक तुकडे करायचे आणि ते वाळवून पूड करायची. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. लोखंड गंजतं तसं आपलं शरीरही आतून थोडं थोडं गंजत असतं. हे तुकडे तो गंज अडवतात, असं सरांचं आणि जगातल्या बऱ्याच शहाण्या लोकांचं म्हणणं.

हे दाखवायला सरांकडे एक जांभळं पाणी होतं. त्यात ती पूड टाकली की जांभळ्याचं हळूहळू पिवळं होई. हा प्रयोग त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवला, शिपायांना दाखवला, पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही दाखवला. रंग उतरताना ते स्वतःच दर वेळी पहिल्यांदा पाहिल्यासारखे बघत. आणि समोरच्याच्या तोंडून "वा!" निघालं रे निघालं की घाईघाईने म्हणत, "पण हे नळीत होते. माणसात होते का, मले माहीत नाई." कौतुक सुरू होण्याआधीच त्याच्यावर पाणी ओतायची अशी विद्या मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. आमच्या संचालकांना तर ती बिलकूल येत नसे. त्यामुळे ते संचालक होते आणि सर सरच राहिले.

या पेप्टाइडांची एक खोड आहे. ती कडू असतात. कडू म्हणजे कारल्याने हात जोडावेत इतकी. सरांनी गूळ घालून पाहिला, जायफळ घातलं, कोको घातला. शेवटी त्यांना सावजी मसाला सापडला. "सावजीत काईबी लपते," असं म्हणून त्यांनी तिखट बिस्कीट काढलं. ते खाल्ल्यावर आधी कानातून धूर निघे आणि धूर विरल्यावर मागून सावकाश कडूपणा येई. मी ते एकदा खाल्लं. उपासांची यादी तयार व्हायच्या आधीच्या काळातली गोष्ट आहे ही.

त्यांच्याबरोबर सावजी भोजनालयात जेवायला जायचा मानही मला एकदाच मिळाला. दुसऱ्यांदा कोणी जात नसे. सगळे नाकडोळे पुसत रस्सा ओरपत असताना सर खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून प्रत्येकाच्या ताटातली हाडं गोळा करू लागले. आमची झाली, तशी शेजारच्या टेबलाकडे वळले. तिथे एक जाडजूड गृहस्थ नळी चोखत होते. सर त्यांच्या बाजूला उभे राहून अदबीने म्हणाले, "आरामात होऊ द्या. झाल्यावर मले द्या." त्या गृहस्थांनी नळी तशीच ठेवली आणि हात धुवायला गेले ते परत आलेच नाहीत.

मी चिडून विचारलं, "सर, हे काय हो?"

"काहून? जीव घेतला ना आपण त्याचा? मंग अर्धा फेकून कायले देता? फेकायचंच होतं तं मारलं काहून?"

 सरांच्या बऱ्याच प्रश्नांना उत्तर नसे. म्हणून लोक त्यांना प्रश्नच विचारू देत नसत.

मनीषनगरात त्यांचा फ्लॅट होता. सुट्टीच्या दिवशी कॉलेजचा फ्रीज बंद पडला, तर कॅन घरी येई. सोसायटीत असा स्कूटरवरून कॅन येताना पाहून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची खात्री पटली होती की सरांकडे गावाकडचं ताजं दूध येतं आणि ते कोणाला सांगत नाहीत. नातवाच्या बारशाला खीर करायची म्हणून त्या पातेलं घेऊन थेट खालीच उभ्या राहिल्या. सर म्हणाले, "अवं काकू, हे तुमच्या कामाचं नाई." काकूंना वाटलं, माणूस भाव खातो आहे. त्यांनीच झाकण उघडलं.

नंतर सोसायटीची बैठक झाली. ठराव झाला. 'आवारात कोणत्याही प्रकारचं रक्त आणू नये' असं लिहिताना सचिवांना शब्द सुचेनात, तेव्हा सरांनीच ठराव नीट लिहून दिला आणि खाली पहिली सही केली. वहिनी, म्हणजे सरांची बायको, मला म्हणाल्या, "मी सत्तावीस वर्षं सांगून राहिले, ऐकलं नाई. काकूनं पातेलं आणलं अन् झालं काम."

असा माणूस आयुष्यभर उपासकऱ्यांमध्ये बिस्किटं वाटत सुखाने निवृत्त झाला असता. पण संचालकांना अचानक सरांच्या कामाचं महत्त्व कळलं. मुंबईच्या एका कंपनीला आरोग्यदायी बिस्किटं बाजारात आणायची होती, आणि महत्त्व हे असंच, बाहेरून कोणी विचारलं की कळतं. संचालकांनी केस रंगवून घेतले, प्रयोगशाळेला रंग दिला आणि एका वार्ताहराला बोलावलं. सरांनी त्याला जांभळं पाणी दाखवलं, गंज समजावला, आणि 'नळीत होते, माणसात माहीत नाही' हे वाक्य माझ्यासमोर निदान चारदा सांगितलं. वार्ताहराने मान डोलावत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मथळा आला: 'नागपुरी बिस्कीट पळवणार कर्करोग!' खाली सरांचा फोटो, हातात बिस्कीट. नळीचं वाक्य बहुधा जागेअभावी राहून गेलं असावं. संचालकांनी कात्रण फ्रेम करून आपल्या केबिनमध्ये लावलं. सरांनी मात्र वर्तमानपत्र घडी घालून टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून बसले, जणू उघडलं तर ते अजून काहीतरी बोलेल.

आठवड्याच्या आत फाटकापाशी माणसं येऊ लागली. इतवारीतला एक किराणा व्यापारी तर मिठाईच घेऊन आला. "सरजी, पूरे विदर्भ की एजन्सी हमको दे दो. बाकी हम देख लेंगे." सर म्हणाले, "काय देखोगे? इसमें कुछ हैच नहीं." व्यापाऱ्याला हा घासाघिशीचा नवा डाव वाटला. त्याने जाताना मिठाई ठेवली आणि 'विचार करा' म्हणून गेला.

सगळे मात्र व्यापारी नव्हते. रिपोर्टांच्या पिशव्या घेतलेले लोक येत. सर प्रत्येकाला बसवत, पाणी देत, आणि तेच सांगत: हे औषध नाही. काही रागावून जात, काही पाया पडत. सर त्या दिवसांत जेवत नसत असं वहिनी म्हणाल्या. विभागात पहिल्यांदाच कोणीतरी खरा उपास करत होतं.

कंपनीचे लोक करारासाठी यायचे होते, त्याच दुपारी वच्छलाबाई आल्या. रामटेकच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या, धानाची शेती. बरोबर नवरा, देवराव, तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळलेला. बाईंच्या हातात वर्तमानपत्राचं ते पान होतं.

"दोन पुडे द्या जी सर. ह्याइच्यासाठी पायजे."

सर उठले. "दुपट्टा काढ गा. तोंड उघड."

देवरावांचं तोंड दोन बोटांएवढंच उघडलं. खर्रा खाणाऱ्यांचं तसं होतं. सुपारी-तंबाखू घोटून गालात धरायची, वर्षानुवर्षं. आमच्या विभागातही निम्म्या लोकांच्या गालात तो असे, आणि गालात खर्रा धरूनच ते शरीराच्या गंजावर व्याख्यानं देत. सरांनी बॅटरी लावून आत पाहिलं. आतल्या बाजूला पांढरट, फाटल्यासारखी जखम होती.

"कधीपासून आहे?"

"पोळ्यापासून," बाई म्हणाल्या.

"डॉक्टरले दाखवलं?"

"दाखवलं नं. तालुक्याच्या डॉक्टरनं इथल्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देल्ली. थे तुकडा काढून तपासतेत म्हने." त्यांनी कमरेच्या पिशवीतून चिठ्ठी काढून दाखवली. "आमी तिकडंच चाललो होतो. पन मंग पेपरात हे वाचलं. म्हनलं, बिस्किटानं बरं होते तं कापाकापी कायले?"

सर खाली बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ही माणसं दवाखान्याच्या वाटेवरून वळून त्यांच्या दारात आली होती, त्यांच्या फोटोमुळे.

"बाई, हे बिस्कीट याच्या कामाचं नाई."

"पेपरात तं लिवलं हाय."

"पेपरात चुकलं."

"फोटो तुमचा हाय नं जी?"

"फोटो माहाच आहे," सर म्हणाले. एवढं खालच्या आवाजात ते कधी बोलत नसत.

वच्छलाबाईंचा आवाज चढला. "आमी खेड्यातले म्हून देत नाई का? मोठ्या लोकाइले देता, आमाले काहून नाई देत? मांगलं तेवढं देतो आमी!"

मी मध्ये पडणार होते. सरांनी हाताने थांबवलं. डबा काढला, त्यातलं एक बिस्कीट घेतलं आणि बाईंसमोर कडाकडा खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, अर्थात.

"मी हे रोज खातो वं माय. दोन वर्षं झाले. आता माह्याकडे पाह्य. केस पाह्य, दात पाह्य, हे गुडघे पाह्य. काही फरक दिसते का तुले?"

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत निरखून पाहिलं. घाई केली नाही.

"नाई दिसत," त्या म्हणाल्या.

सरांच्या संशोधनाचं इतकं काळजीपूर्वक परीक्षण त्याआधी कोणी केलं नव्हतं. पुढेही नाही.

"मंग चाल," सर म्हणाले आणि प्रयोगशाळेला कुलूप लावलं.

मी आठवण करून दिली, "सर, कंपनीचे लोक येताहेत. संचालक—"

"त्याइले चहा पाजा म्हणा. मॅडम, तुम्ही बाईले घेऊन ऑटोनं या वं."

देवरावांना त्यांनी स्कूटरवर मागे बसवलं. रिकामा कॅन काढायचं भान नव्हतं. तो पायाशी तसाच खडखडत गेला.  ऑटोत वच्छलाबाईंनी वर्तमानपत्राच्या पानाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

दवाखान्यात रांग होती. संचालकांचा फोन मला आला.

"सर कुठे आहेत?"

"हॉस्पिटलमध्ये."

"अरे! काय झालं त्यांना?"

"त्यांना काही नाही झालं."

"मग तिकडे कशाला मेले?" असं संचालक म्हणाले नाहीत, सभ्य माणूस आहेत ते. त्यांनी फक्त फोन बंद केला.

बाकावर सर माझ्याशेजारी बसले होते. एकदम म्हणाले, "दोन पुडे देल्ले असते नं मॅडम, तं हे लोक इथूनच गावाले परत गेले असते. खुशीत गेले असते." मग हात मांडीवर घासू लागले. 

त्या दिवशी तुकडा काढला, आठवड्याने अहवाल आला. जे व्हायचं भय होतं तेच निघालं, पण वेळ गेलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा. देवराव खुणेने नको नको म्हणू लागले. तेव्हा वच्छलाबाई नवऱ्यावर अशा काही ओरडल्या की वॉर्डातल्या बाकीच्या पेशंटांनीही कागदांवर सह्या केल्या असत्या.

इकडे कंपनीचे लोक त्या दुपारनंतरही एक दिवस थांबले होते. त्यांच्यातल्या एका तरुणाने पडद्यावर पाकीट दाखवलं. त्यावर धावणारी एक बाई होती आणि वाक्य होतं: 'पेशींना संरक्षण, वयाला विश्रांती.' सरांनी चष्मा पुसून वाचलं.

"हे कोनं लिवलं?"

"आमच्या क्रिएटिव्ह टीमनं, सर."

"छान आहे. आता याच्याखाली दोन ओळी मोठ्या अक्षरात लिहा. 'कोंबडीच्या रक्तापासून' अन् 'हे औषध नाही'."

तरुण हसला. विनोद नाही हे कळल्यावर त्याचं हसू हळूहळू उतरलं. "सर, मांसाहारी असल्याची खूण असतेच ना कोपऱ्यात. रक्त म्हटल्यावर कोण घेईल?"

"ज्याले घ्यायचं थो घेईल."

"कोणीच घेणार नाही, सर."

"मंग नका विकू. मी तरी काय म्हणून राहिलो?"

संचालकांनी सरांना बाजूला नेऊन देश, संस्था आणि निवृत्तीला उरलेले महिने या विषयांवर समजावलं. सर ऐकत राहिले आणि तिथून थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. त्यांचा खुलासा चौथ्या दिवशी छापून आला, आतल्या पानावर, 'माझी गुणपत्रिका हरवली आहे' याच्या खाली. 'माझ्या बिस्किटाने कोणताही रोग बरा होत नाही. रोग असल्यास दवाखान्यात जावे.' आपल्याच शोधाविरुद्ध जाहीर निवेदन देणारा शास्त्रज्ञ पाहून कंपनी मुंबईला परत गेली. पुढे तिने दुसरीकडून कसलीशी पूड आणून बिस्किटं काढलीच. धावणारी बाई तीच आहे. खपही चांगला आहे म्हणतात.

सरांची प्रयोगशाळा 'जागेच्या पुनर्नियोजनात' गेली. तिथे आता संचालकांची मीटिंग रूम आहे, फार थंड एसी आहे तिथे. सरांना वसतिगृहाच्या खानावळीची देखरेख दिली. अन्नाशी संबंधितच काम आहे, असं संचालक म्हणाले. शिक्षा म्हणून दिलेलं ते काम सरांनी नेहमीप्रमाणे मनावर घेतलं. मटणाच्या दिवशी हाडांचं सूप निघू लागलं. पोट्टे दोन-दोन वाट्या पिऊ लागले, आणि आत काय आहे हे वाढणाऱ्याने ओरडून सांगितल्याशिवाय कोणाच्या वाटीत पळी पडत नसे.

सोमवारी-गुरुवारी सर दुपारी गायब असत. देवरावांचं ऑपरेशन झालं होतं, मग किरणांचे शेक सुरू झाले. नवराबायको धर्मशाळेत राहत आणि सर त्यांच्यासाठी घरून पातळ वरण-भात नेत. वहिनी रांधत. "ह्याइनं आणलेला डबा घरात न यावा म्हून भांडत होते मी," त्या म्हणाल्या, "आता घरून डबा नेते, तं काय बोलू?"

निवृत्तीचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, आणि संचालकांचं भाषण. त्यात 'शिस्तप्रिय' हा शब्द सारखा येत होता. कोणाबद्दल काहीच बोलायचं नसलं की हा शब्द बरा पडतो. बिस्किटाचा उल्लेख कोणी केला नाही. आभार सुरू होणार इतक्यात मागून वच्छलाबाई आणि देवराव पुढे आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. देवरावांच्या जबड्याचा एक भाग काढलेला. चेहरा एका बाजूला ओढलेला. त्यांनी माईक मागितला आणि बोलू लागले.

बराच वेळ बोलले. शब्द फुटत नव्हते; नुसते आवाज येत होते, कधी मोठे, कधी अडकलेले. एकदा त्यांनी सरांकडे बोट दाखवलं, एकदा स्वतःच्या छातीवर हात ठेवला. सभागृहात कोणाला काही कळेना. टाळ्या कुठे वाजवाव्यात हेही कळेना. ते थांबले तेव्हा संचालकांनी सरांकडे वाकून विचारलं, "काय म्हणाले हो ते?"

सरांना सगळं कळलं होतं. इतके महिने दुसरं कोण ऐकत होतं त्यांचं?

"म्हणते का, भूक लागली," सर माईकवर म्हणाले. "पानं वाढून घ्या."

"खोटं सांगून राहिले जी सर!" वच्छलाबाई ओरडल्या. "थे असं नाई म्हनले!"

"अवं बाई, वरण थंड होऊन राहिलं," सर म्हणाले आणि देवरावांचा दंड धरून त्यांना जेवायला घेऊन गेले.

देवरावांना जेवायला वेळ लागतो. भात पार मऊ कालवावा लागतो, एकेक घास एका बाजूने सरकवून गिळावा लागतो. बाकीची माणसं हात धुऊन पांगली. संचालकांची गाडी गेली. मांडववाला खुर्च्या एकात एक घालू लागला. सर देवरावांच्या शेजारी बसून होते, स्वतःचं ताट केव्हाच रिकामं झालेलं, आणि मधूनमधून म्हणत होते, "आरामात जेव गा. कायची घाई आहे?"